‘पडले नाही, घसरले’ : सांगलीच्या बाईंचं प्रकरण

मनगटाचं प्लास्टर काढून आठवडा झाला होता. बोटं सुजलेली, मूठ वळत नव्हती, म्हणून जानेवारीत मुलगा आईला माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी घेऊन आला. वय ७६. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते. मीही बाईच म्हणते. नाव इथे देत नाही. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. खाली बाई, वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून, नातू शिकायला पुण्यात.

फाइलवर एका ओळीत लिहिलं होतं : उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर, घरात पडल्यामुळे. हाड नीट जुळवलं होतं, प्लास्टरही व्यवस्थित होतं. पण बाई पडल्या का, हे सहा आठवड्यांत त्यांना एकदाही कुणी विचारलं नव्हतं. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडे हाडाचा डॉक्टर हाड बघतो, डोळ्याचा डोळा बघतो आणि पडणं मधल्या मध्ये राहून जातं.

मी विचारलं, “बाई, गेल्या वर्षभरात आणखी कधी पडलात का?”

“अगं, पडले कुठे? घसरले. फरशी ओली होती.”

“त्याआधी?”

“नाही.”

मुलगाही म्हणाला, नाही, आई पहिल्यांदाच पडली. मी हाताचा व्यायाम सुरू केला आणि विषय सोडून दिला. चौथ्या दिवशी मुलगा गाडी लावायला गेला होता, तेव्हा प्रश्न बदलून विचारला : “बाई, कधी तोल जाऊन भिंत धरावी लागली? कधी खाली टेकलात, बसल्यासारख्या झालात?” बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून बोलायला लागल्या.

आधीच्या फेब्रुवारीत न्हाणीत पाटावरून उठताना पाय सरकला होता. हाताला लागला तो टॉवेलचा दांडा. तो स्क्रूसकट भिंतीतून निघून आला आणि बाई कमरेवर बसल्या. दहा मिनिटं तशाच बसून होत्या. मग बादलीला धरून उठल्या, आंघोळ पुरी केली आणि मुलगा ऑफिसातून यायच्या आत सुरीच्या टोकाने दांड्याचे स्क्रू पुन्हा आवळून ठेवले. कुणाला कळलं नाही. दुसरी वेळ गौरीजेवणाच्या दिवशी : माजघरातून देवघरात जाताना अंगठा उंबरठ्याला अडकला आणि हातातल्या ताटासकट त्या गुडघ्यांवर गेल्या. घरात सांगितलं, ताट सांडलं. तिसरी वेळ नोव्हेंबरात, पहाटे चारच्या सुमाराला, संडासला जाताना. मनगट मोडलं ते तेव्हा. ते लपवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून बाहेर आलं.

“सांगितलं का नाही?” असं मी विचारलं. ते उत्तर मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं देते : “सांगितलं असतं तर संकष्टीला गणपतीला जाणं बंद झालं असतं. मग न्हाणीला कडी लावायची नाही, मग स्वयंपाकघरात यायचं नाही. शेजारच्या वहिनींचं काय झालं ते पाहिलंय मी. खुब्याचं हाड मोडलं, खाटेवर गेल्या त्या उठल्याच नाहीत.”

धोका बाईंना पुरेपूर माहीत होता. तो इतका माहीत होता की त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पडणं म्हणजे शेवटाची सुरुवात, आणि एकदा सुरू झालं की त्यावर इलाज नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. त्यातला दुसरा भाग चुकीचा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी जाऊन पाहिलं ते

दिवसा पाहिलेलं घर आणि पहाटे चारचं घर यांत फार फरक असतो. म्हणून मी मुद्दाम संध्याकाळी अंधार पडल्यावर गेले, दिवे घालवायला सांगितले आणि बाईंना म्हटलं, खाटेवरून उठून संडासपर्यंत जसं जाता तसं जाऊन दाखवा. मी बॅटरी घेऊन मागे.

खाटेपासून संडासच्या दारापर्यंत एकोणीस पावलं भरली, वाटेत दोन उंबरठे. बाईंचा डावा हात कपाटावर, मग शिवणयंत्रावर, मग भिंतीवर. भिंतीचा रंग फिका होता, आणि कोपराच्या उंचीवर हाताच्या काळपट ठशांची एक सलग पट्टी उमटलेली होती. घरातल्यांच्या ती रोज डोळ्यांसमोर होती, पण लहान मुलांच्या हातांचे डाग पडतात तसंच समजून कुणी तिची दखल घेतली नव्हती. माणूस आधाराशिवाय चालू शकत नाही, हे त्या भिंतीने वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे पट्टी संपते. तिथून चार पावलं धरायला काहीच नाही, आणि नोव्हेंबरात त्या पडल्या त्या तिथेच.

फरशीचीही एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या घरात शिरलं होतं. गाळ उपसल्यावर खालची खडबडीत शहाबादी काढून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, पुसायला सोप्या म्हणून. न्हाणीतसुद्धा त्याच. आयुष्यभर शहाबादीवर ओल्या पायांनी वावरलेल्या बाईंच्या पायांना ही नवी फरशी कधी सरावलीच नाही. पुरानंतर घरं सावरताना फरशीवर म्हातारं माणूस चालणार आहे, हा विचार आमच्या भागात फार थोड्या घरांनी केला असेल. माझ्या स्वतःच्या आईच्या घरातही तो कुणी केला नव्हता.

बाईंच्या चष्म्याची जागा देवघरातल्या कोनाड्यात होती, म्हणजे पहाटे उठताना तो डोळ्यांवर नसायचा. दिव्याचं बटण दाराजवळ, खाटेपासून सहा पावलांवर. रात्रीचा गाऊन टाचेखाली येणारा. पायांत मागून उघडी, तळ गुळगुळीत झालेली स्लीपर.

अंगात काय सापडलं

एवढ्यावर थांबता आलं असतं. घसरडी फरशी, अंधार, उंबरठा. घर दुरुस्त करा, संपलं. पण त्याच फरशीवर सून रोज ओल्या पायांनी वावरते आणि पडत नाही. म्हणून बाईंची पुरी तपासणी केली.

खाटेवर आडव्या असताना रक्तदाब १४२/८०. उठून उभ्या राहिल्यावर एका मिनिटात ११६/७०. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर डोक्याला रक्त कमी पोचून अंधारी येऊ शकते. बाईंचा वरचा २६ ने उतरला होता. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “हो, उठलं की क्षणभर काळं दिसतं. वयाने होतंच ते.” त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, आणि औषधांचा डबा एकदाच उघडायचा म्हणून ती गोळीही त्या रात्री जेवणानंतर घ्यायच्या. मग पहाटे लघवीला उठणं आलंच.

त्या डब्यात झोपेची गोळीही होती. चार वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. जुन्या चिठ्ठीवर ती आजपर्यंत चालू होती. रोज अर्धी. अर्धीच तर घेते, असं त्यांना वाटायचं. पण उतारवयात या गोळ्यांचा अंमल शरीरातून उतरायला वेळ लागतो, आणि पहाटे चारला तो पुरता उतरलेला नसतो.

पायांच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर त्याची थरथर त्यांना जाणवत नव्हती. मधुमेह अकरा वर्षांचा, त्यावरची मेटफॉर्मिनची गोळी तितकीच वर्षं चालू, जेवण पहिल्यापासून शाकाहारी. मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण कमी होतं आणि शाकाहारात ते मुळातच थोडं. तपासलं तर बी-१२ फार खाली निघालं. पायाखाली नेमकं काय आहे याची खबर मेंदूला नीट पोचत नव्हती, ती उणीव डोळे भरून काढत होते. आणि अंधारात, चष्म्याविना, डोळेही कामाचे नव्हते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. “अजून पिकला नाही” म्हणून थांबलेल्या. पिकण्याची वाट बघायचे दिवस कधीच सरले. आजची शस्त्रक्रिया त्यासाठी थांबत नाही.

मग पायांची ताकद. खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. एकदाही उठता आलं नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, या साध्या चाचणीला त्यांना १९ सेकंद लागले; १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा, असं मानतात. पोटरीचा घेर ३० सेंटिमीटर भरला. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत स्त्रियांसाठी ३३ च्या खालची पोटरी म्हणजे स्नायू झिजल्याची शंका घ्यायची.

हे झिजणं सगळं वयाचं नव्हतं. मनगट मोडल्यापासून मुलाने आईला जागेवरून हलू दिलं नव्हतं. “आई, तू फक्त बस. पाणीसुद्धा मी आणून देतो.” मायेने केलेलं, मला त्याबद्दल तीळभर शंका नाही. सूनही रोज रजा मागून दुपारी घरी यायची. पण दोन महिने बसवून ठेवल्यावर मांड्यांचा उरलासुरला जोरही गेला. पडू नये म्हणून बसवायचं, बसल्याने पाय आणखी लुळे होतात, मग उठलं की पडण्याची शक्यता आधीपेक्षा जास्त. हा फेरा मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता पेशंट खुर्चीत बसलेला आणि घरचे भोवती उभे दिसले की मला काळजी वाटते.

माझा एक चुकलेला प्रयत्न

पहिल्याच आठवड्यात मी बाईंना ‘पडणे कसे टाळावे’ असा छापील कागद दिला होता. सोप्या मराठीत, चित्रांसह. पुढच्या वेळी तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत घडी घालून ठेवलेला दिसला. वाचलात का विचारलं, तर म्हणाल्या, “वाचला. छान आहे. म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडेल.”

ब्रिटनमध्ये ल्युसी यार्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वयस्क लोकांशी बोलून नेमकं हेच नोंदवलं होतं : सल्ला बरोबर आहे, पण तो दुसऱ्यांसाठी, माझ्यासाठी म्हणालात तर मला दुबळं ठरवताय. मला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी मी कागदच पुढे केला. धोक्याची यादी वाचून दाखवली की माणूस आपलं नाव त्या यादीतून आधी काढतो. घरातली माणसं, आणि आम्हीही, भीती घालायला फार उत्सुक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच नंबर. हा आकडा डॉक्टरांना आणि नगरपालिकेला सांगावा. ७६ वर्षांच्या बाईंना सांगून काय होणार? त्या आणखी एक स्क्रू गुपचूप आवळतील.

म्हणून सुरुवात उलटीकडून केली. बाईंना काय करायचं आहे? संकष्टीला गणपती मंदिरात स्वतःच्या पायांनी जायचं आहे, पायऱ्या चढायच्या आहेत, आणि न्हाणीला आतून कडी लावायची आहे. ठीक. यासाठी काय लागेल ते करू. आणि मुलासमोर एक करार झाला : बाई प्रत्येक वेळी सांगतील, तोल गेला तरी सांगतील, त्या बदल्यात सांगितलं म्हणून त्यांचं एकही काम बंद केलं जाणार नाही. मुलाला हे जड गेलं. दोन दिवस विचार करून तो हो म्हणाला.

काय केलं

नेहमीच्या डॉक्टरांना मी सविस्तर चिठ्ठी लिहिली. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून सकाळी घ्यायला सांगितली, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, आणि झोपेची गोळी दीड महिन्यात थोडी थोडी कमी करत बंद केली. ही गोळी एकदम थांबवायची नसते, आणि हे वाचून कुणी घरच्या घरी थांबवू नये. हाडांची घनता तपासली तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, निघाला, त्याचेही उपचार चालू झाले. मुलाने कुठूनतरी ऐकून ड जीवनसत्त्वाची मोठी पाकिटं आणली होती. कमतरता असेल तर डॉक्टर देतील तेवढं घ्यावं. पण वर्षातून एकदा ५ लाख युनिटांचा डोस दिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. मार्चमध्ये मोतीबिंदू निघाला. चालताना दोन भिंगांचा चष्मा घातला की खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते, म्हणून बाहेर जाण्यासाठी लांबचं दिसणारा साधा चष्मा वेगळा केला.

खरा भर व्यायामावर. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं धरून निष्कर्ष असा आहे की व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. पण व्यायाम तोलाला ताण देणारा हवा. “मी रोज फेरी मारते की,” हे पुरत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वयस्क लोकांसाठी घरच्या घरी करायचा जो क्रम बसवला गेला, त्याच धर्तीवर बाईंसाठी आखणी केली : स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं, आडवं चालणं, एका पावलापुढे दुसरं टेकवून उभं राहणं, खुर्चीतून उठबस. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास. सुरुवातीला दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग दोन बोटं. पोटऱ्यांना बांधायला वजन हवं होतं. बाईंनी जुन्या साडीच्या काठाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्यांत अर्धा-अर्धा किलो वाळू भरली. पिशव्यांवर ‘डावी’ आणि ‘उजवी’ असं रंगीत दोऱ्याने भरतकाम केलं. गरज काहीच नव्हती, पण शिक्षिकेचा हात.

घरात फार मोडतोड केली नाही. टॉवेलचा दांडा काढून तिथे भिंतीत बोल्ट ठोकून पक्का स्टीलचा दांडा, दुसरा संडासात. चिकटवायचे, हवेच्या दाबाने बसणारे दांडे मी कधीच सुचवत नाही. पाटाऐवजी उंच प्लास्टिकचं स्टूल, पायाला रबर असलेलं. धरायला काही नव्हतं त्या चार पावलांच्या भिंतीवर कठडा. खाटेच्या उशाशी बटण, वाटेवर दोन छोटे रात्रदिवे, चष्म्याची पिशवी खाटेच्या दांड्याला. गाऊन चार बोटं आखूड. स्लीपर गेली, मागे पट्टा असलेली सँडल आली. उंबरठा काढायला बाईंनी साफ नकार दिला, आणि ते मला पटलं. त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढला. यजमानांची काठी त्या अधूनमधून वापरत, ती त्यांना वीतभर उंच होती आणि तळाचं रबर झिजून लाकूड बाहेर आलेलं. उभं राहून हात सैल सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. त्या मापाने काठी कापून घेतली, रबर नवं बसवलं.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक घरांत कुणी शिकवत नाही : पडल्यावर उठायचं कसं. गादीवर सराव केला. आधी घाई न करता पडूनच हात-पाय हलवून बघायचे. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलायचं नाही, १०८ ला फोन. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं. काही नसेल तर कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे, आणि उभं. पहिल्या दिवशी बाई गादीवरून उठताना रडल्या. न्हाणीतली ती दहा मिनिटं त्यांना आठवली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते सगळं न थांबता केलं. घरच्यांनाही सांगितलं की काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही, खुर्ची जवळ आणून द्यायची.

बारा आठवड्यांनी

तीन मीटरच्या चाचणीला १३.५ सेकंद. अजून बाराच्या वरच, ते खरं. खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात सात वेळा उठबस. उठल्यावर रक्तदाबाची उतरण २६ ऐवजी १२. पायाची थरथर अजून जाणवत नाही. ते कदाचित तसंच राहील. एप्रिलच्या संकष्टीला बाई गणपतीला गेल्या, सून बरोबर होती, पण हात धरलेला नव्हता.

त्यानंतर बाईंनी मला त्यांच्या भजनी मंडळात बोलावलं. तिथे मी विचारलं, वर्षभरात कोण पडलं? दोन हात वर. मग बाईंनी स्वतः उठून विचारलं, “घसरलं कोण? टेकलं कोण? आणि घरी सांगितलं नाही असं कोण?” बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त हात हळूहळू वर आले. त्या दुपारी भजन झालंच नाही. एकटं राहणाऱ्यांनी लिहून घेतलं : ज्येष्ठ नागरिकांसाठीची मोफत हेल्पलाइन, १४५६७.

मे महिन्यात बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. अंगणात तुळशीला पाणी घालताना पाय वळला होता, खाली बसल्या होत्या. लागलं नव्हतं. रांगत ओट्यापर्यंत जाऊन, ओट्याला धरून उठल्या आणि तिथूनच सुनेला हाक मारून सांगितलं. मुलाने संध्याकाळी विचारलं ते एवढंच, की पायात काय होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या तारखेच्या चौकटीत, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत नोंद होती : ‘पडले. सकाळी ७.४०. सुनेची चप्पल घातली होती. स्वतः उठले.’